‘उन्माद’ या शब्दाची सोय : सेलमचे खटले आणि मुलांना शिकवण्याचा प्रश्न

१

इतिहासातील एखादा घोर अन्याय मुलांना का शिकवावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते. असे पुन्हा घडू नये म्हणून शिकवावा, हे ते उत्तर. परंतु ‘असे’ म्हणजे नेमके कसे, हे ज्या कथनातून मुलांपर्यंत पोहोचते त्या कथनाची तपासणी क्वचितच होते. अन्यायाचे वर्णन करण्यासाठी निवडलेला शब्द त्या अन्यायाचे कर्तृत्वही वाटून देत असतो. कोणाकडे बोट दाखवायचे, कोणाला सूट द्यायची आणि कोणाला चित्राबाहेर ठेवायचे, याचा निर्णय शब्दाच्या निवडीबरोबरच झालेला असतो. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चाललेले चेटकाचे खटले हे या दृष्टीने मोलाचे उदाहरण आहे. एक तर ते मुलांना शिकवले जाणाऱ्या इतिहासातील अत्यंत परिचित प्रकरणांपैकी एक आहे. दुसरे असे की, त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी स्वतः मुलेच होती, आणि ती दोन्ही बाजूंना होती. पीडित म्हणून आरोप करणारीही मुले होती आणि आरोपी म्हणून बेड्या पडलेलीही मुले होती.

या खटल्यांना गेल्या शतकात ‘सामूहिक उन्माद’ म्हणण्याचा प्रघात पडला. पाठ्यपुस्तके, लोकप्रिय इतिहास आणि वर्गातील चर्चा यांतून हा शब्द स्थिर झाला. त्या शब्दाने नेमके काय स्पष्ट होते आणि काय झाकले जाते, हा येथील पहिला प्रश्न. तो शब्द दूर सारला तर जबाबदारीचा भार नऊ-अकरा वर्षांच्या मुलींवर पडतो. हे न्याय्य आहे काय, हा दुसरा. या दोहोंतून मार्ग काढून वर्गात बसलेल्या मुलासमोर हे प्रकरण कसे मांडावे, हा तिसरा आणि खरा नैतिक प्रश्न होय.

२

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. जानेवारी १६९२ मध्ये सेलम व्हिलेज येथील धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि घरातील सुमारे अकरा वर्षांची नातलग मुलगी ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. लवकरच बारा वर्षांची ॲन पुटनम आणि सतराच्या आसपासची एलिझाबेथ हबर्ड याही पीडित ठरल्या. पीडितांमध्ये पुढे विशीच्या तरुणी होत्या आणि प्रौढ विवाहित स्त्रियाही होत्या. ‘लहान मुलींचा खेळ’ हे चित्र मुळातच अपुरे आहे. २९ फेब्रुवारीला पहिली तक्रार नोंदवली गेली ती थॉमस पुटनम, एडवर्ड पुटनम, जोसेफ हचिन्सन आणि थॉमस प्रेस्टन या चार प्रौढ पुरुषांकडून. तक्रार तिघींविरुद्ध होती : पॅरिस यांच्या घरातील गुलाम स्त्री टिटुबा, दारोदार मागून जगणारी सारा गुड आणि आजाराने अंथरुणाला खिळलेली सारा ऑस्बर्न. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन यांनी १ मार्चपासून त्यांची तपासणी सुरू केली. टिटुबाने कबुली दिली, आणि त्या कबुलीत आणखी चेटकिणी असल्याचे सूचित झाल्यामुळे शोधाला अंत उरला नाही.

मे महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी विशेष न्यायालय नेमले. त्याचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टोटन. १० जूनला ब्रिजेट बिशप हिला फाशी देण्यात आली. १९ जुलैला पाच, १९ ऑगस्टला पाच आणि २२ सप्टेंबरला आठ जणांना फाशी झाली. एकूण एकोणीस, त्यांत चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष. सुमारे ऐंशी वर्षांच्या जाइल्स कोरी यांनी खटल्याला उभे राहण्यास नकार दिला, म्हणून त्यांना दगडांच्या वजनाखाली चिरडून मारण्यात आले. निदान पाच जण तुरुंगात मरण पावले. आरोप झालेल्यांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. ऑक्टोबरमध्ये फिप्स यांनी ते न्यायालय बरखास्त केले.

या तपशिलाकडे पाहिले की एक गोष्ट चटकन जाणवते. हा क्रम उन्मादाचा नसून कार्यपद्धतीचा आहे. येथे तक्रारअर्ज आहेत, अटकेची फर्माने आहेत, तपासणीच्या नोंदी आहेत, पंचांची निवड आहे, फाशीच्या ठरवून दिलेल्या तारखा आहेत. झटके मुलींना येत होते. लेखनिकाचा हात स्थिर होता. जमावाने कोणाला रस्त्यात गाठून मारले नाही. शब्द, शिक्का आणि स्वाक्षरी यांच्या बळावर सर्व घडले. ‘सामूहिक उन्माद’ ही संज्ञा दालनातील किंकाळ्यांचे वर्णन करू शकेल. परंतु त्या किंकाळ्यांना पुरावा म्हणून दाखल करून घेण्याच्या निर्णयाचे वर्णन ती करू शकत नाही.

३

संज्ञेचा स्वतःचा इतिहासही येथे दुर्लक्षिता येत नाही. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. दीर्घकाळ तो स्त्रीदेहाच्या विकाराचे नाव म्हणून वापरला गेला. मॅरियन स्टार्की यांनी १९४९ मध्ये सेलमवर लिहिलेल्या ग्रंथात मनोविश्लेषणाच्या परिभाषेतून मुलींच्या वर्तनाचा अर्थ लावला, आणि त्या अन्वयार्थाला व्यापक वाचकवर्ग लाभला. यात एक विलक्षण उलटापालट झाली. चेटकीण म्हणून मुख्यतः स्त्रियांना मारले गेले होते. आता त्या मरणाचे कारण म्हणूनही स्त्रियांच्याच देहाकडे निर्देश होऊ लागला. दोन्ही वेळा न्यायासनावरील पुरुष चौकटीबाहेर राहिले.

पुढच्या काळात या आकलनाला पर्याय उभे राहिले. बॉयर आणि निसेनबॉम यांनी १९७४ मध्ये गावातील गटबाजी आणि मालमत्तेचे तंटे यांच्या आधारे आरोपांची मांडणी केली. कॅरल कार्ल्सन यांनी १९८७ मध्ये आरोपी स्त्रियांचे वारसाहक्क तपासले. मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मध्ये उत्तरेच्या सीमेवरील युद्धाची दहशत आणि त्यातून विस्थापित होऊन आलेल्या मुली यांच्याकडे लक्ष वेधले. याउलट १९७६ मध्ये लिंडा कॅपोरेल यांनी मांडलेली राय धान्यावरील अर्गट बुरशीच्या विषबाधेची उपपत्ती त्याच वर्षी स्पॅनोस आणि गॉटलिब यांनी साधार खोडून काढली. तरीही ती वर्गांतून आणि लोकप्रिय लेखनातून टिकून आहे. ती का टिकली, हे पाहण्यासारखे आहे. बुरशी कोणावर आरोप करीत नाही. धान्यात विष होते असे म्हटले की कोणाच्याही विवेकाचा प्रश्न उपस्थित होत नाही. उन्माद आणि बुरशी या दोन स्पष्टीकरणांचे शास्त्रीय मोल सारखे नसेल, पण त्यांची नैतिक सोय सारखीच आहे.

मराठीत हा प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. मुलांच्या गोष्टींतील ‘चेटकीण’ ही झाडूवरून उडणारी, टोकदार टोपीची, निरुपद्रवी आयात आहे. सातपुड्याच्या परिसरात ज्या शब्दामुळे एखाद्या बाईचे घर उठते तो शब्द ‘डाकीण’ हा आहे. तेथे आजाराचे कारण विचारण्यासाठी लोक भगताकडे जातात आणि नाव भगताच्या तोंडून येते. सेलममध्ये हे काम पीडित मुलींकडून करवून घेतले गेले; ‘तुला कोण छळते?’ हा प्रश्न त्यांना विचारणारे मात्र सुशिक्षित दंडाधिकारी होते. महाराष्ट्रात २०१३ साली नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर लागू झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरवला. या कायद्याचा रोख श्रद्धेच्या आशयापेक्षा त्या श्रद्धेच्या आधारे दुसऱ्याबाबत केलेल्या कृतीवर आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल. मराठी मुलाला सेलमची हकिगत ‘चेटकिणीची गोष्ट’ म्हणून कळली, तर ती त्याच्या लेखी परीकथेच्या प्रदेशात जाऊन बसते. ‘डाकीण’ या शब्दाशी तिचे नाते त्याला दिसत नाही.

४

वर्गात सेलम पोहोचते ते बहुधा साहित्यातून. त्यामुळे रूपबंधाची निवड ही येथे नैतिक निवड ठरते. आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे १९५३ चे नाटक अमेरिकेतील माध्यमिक शाळांत दीर्घकाळ वाचले जात आले आहे. मॅकार्थी काळातील चौकशांवरचे रूपक म्हणून त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. स्वतः मिलर यांना १९५६ मध्ये तशाच समितीपुढे उभे राहावे लागले आणि नावे सांगण्यास नकार दिल्याबद्दल झालेली शिक्षा १९५८ मध्ये अपिलात रद्द झाली. परंतु नाटकाच्या रचनेसाठी त्यांनी केलेले बदल वर्गाच्या संदर्भात वेगळे परिणाम घडवतात. अकराच्या आसपासची ॲबिगेल नाटकात सतरा वर्षांची होते. साठीच्या घरातील जॉन प्रॉक्टर मध्यम तिशीत येतो. दोघांमध्ये शारीरिक संबंध कल्पिला जातो. वय वाढवल्याची कबुली मिलर यांनी संहितेच्या आरंभीच दिली आहे, आणि नाटककाराला हे स्वातंत्र्य आहेच. प्रश्न आहे तो या बदलाने कारणपरंपरा कशी सरकते याचा.

ॲबिगेल सतरा वर्षांची झाली की आरोपांना हेतू मिळतो : नाकारलेली वासना आणि सूड. अनेक न्यायाधीशांचे प्रतिनिधित्व दोन व्यक्तिरेखांवर येते आणि पंच तर रंगमंचावर येतच नाहीत. म्हणजे ज्या बारा सामान्य माणसांनी ‘दोषी’ हा शब्द उच्चारला, ती नाटकातून वजा होतात. उरतात एक खलनायिका, एक कठोर न्यायाधीश आणि सद्सद्विवेकाचा भार वाहणारा एक प्रौढ नायक. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीसमोर तिच्याच वयाची मुलगी सर्व अनर्थाचे मूळ म्हणून उभी राहते. रूपक म्हणून हे नाटक राज्यसत्तेविषयी बोलते. परंतु कथानक म्हणून ते तरुण मुलीच्या वासनेविषयी बोलते. विद्यार्थ्याच्या स्मरणात बहुधा कथानकच राहते.

मुलांसाठी लिहिलेल्या ग्रंथांत अन्य शक्यता दिसतात. एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांची ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’ ही १९५८ ची कादंबरी सेलमपूर्वीच्या कनेक्टिकटमध्ये घडते. तेथे प्रूडन्स या लहान मुलीला लिहा-वाचायला शिकवणे हाच आरोपी तरुणीविरुद्ध पुरावा ठरू पाहतो आणि त्याच मुलीचे दंडाधिकाऱ्यासमोर वाचणे-लिहिणे तिची सुटका करते. बालसाक्षीदाराचे हे उजळ चित्र आहे आणि बालवाचकाला ते साहजिकच सुखावते. पण १६९२ मध्ये मुलाच्या तोंडच्या शब्दाने जे घडले ते याच्या नेमके उलट होते, हे सत्य या सुखान्तापलीकडे राहते. ॲन पेट्री यांनी १९६४ मध्ये ‘टिटुबा ऑफ सेलम व्हिलेज’ लिहिताना दृष्टिकोनच बदलला. गुलाम स्त्रीला मध्यभागी आणल्यामुळे, जिला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती तिच्या कबुलीचा अर्थ काय, हा प्रश्न तरुण वाचकासमोर येऊ शकला.

टिटुबाच्या बाबतीत पाठ्यपुस्तकांचा अपराध ठळक आहे. स्वयंपाकघरात मुलींना जमवून ती जादूच्या गोष्टी सांगत असे आणि तेथून सारे सुरू झाले, ही हकिगत असंख्य पुस्तकांत आढळते. न्यायालयीन कागदपत्रांत तिला आधार नाही. चार्ल्स अपम यांच्या १८६७ च्या ग्रंथाने ती रूढ केली. मूळ नोंदींत ‘इंडियन’ म्हणून उल्लेखिलेली ही स्त्री पुढील साहित्यात हळूहळू आफ्रिकी वंशाची कशी झाली, हे चॅडविक हॅन्सन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. निष्पापांवर दोष ढकलण्याची वृत्ती किती वाईट हे शिकवणारा पाठच सर्वांत दुर्बल स्त्रीवर आरंभाचा दोष ढकलतो. यापेक्षा मोठा अंतर्विरोध कोणता असू शकेल?

५

उन्मादाची संज्ञा बाजूला ठेवली की दुसरी अडचण समोर येते. मुली उन्मत्त नव्हत्या, तर त्या खोटारड्या होत्या काय? आणि खोटारड्या असतील, तर एकोणीस फाशींचा हिशेब त्यांच्या नावे मांडावा काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे अपरिहार्य आहे : पीडा आणि साक्ष. बेट्टी पॅरिसला जे होत होते ते काहीही असो, तिची पीडा खरी असू शकते. तिला गावाबाहेर, सेलम टाउनमधील स्टीफन सिवॉल यांच्या घरी पाठवण्यात आले, आणि पुढील खटल्यांत ती साक्षीदार म्हणून आली नाही. म्हणजे पीडेचे रूपांतर साक्षीत करणे अटळ नव्हते. ज्या मुली गावात राहिल्या, त्यांच्या पीडेला प्रौढांनी नावे विचारली, ती कागदावर उतरवली आणि त्या कागदांना मरणाचे बळ दिले.

प्रौढांच्या प्रश्नांनी मुलांची साक्ष घडते, याचा पुरावा सेलमपुरता मर्यादित नाही. इंग्लंडमधील पेंडल येथे १६१२ साली सुमारे नऊ वर्षांच्या जेनेट डिव्हाइसच्या साक्षीवर तिची आई आणि भावंडे फासावर गेली. त्याच लँकाशरमध्ये १६३४ साली एडमंड रॉबिन्सन या दहा वर्षांच्या मुलाने रचलेली कहाणी त्याने स्वतःच खोटी असल्याचे सांगितले. स्टॉकहोममध्ये १६७६ साली बालसाक्षीदारांनी आपल्या साक्षी रचलेल्या असल्याचे कबूल केले तेव्हा स्वीडनमधील खटल्यांची लाट ओसरली. आणि चेटकावरचा विश्वास संपल्यानंतरही, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात वारंवार सूचक प्रश्न विचारून मुलांकडून अद्भुत आरोप वदवले गेले. १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता ते प्रकरण संपले. स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रुक यांच्या १९९५ च्या ग्रंथाने अशा प्रश्नपद्धतीचे परिणाम सविस्तर मांडले. मुलांवर विश्वास ठेवू नये, असा याचा निष्कर्ष नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या प्रश्नाची जबाबदारी घ्यावी, एवढाच तो निष्कर्ष आहे.

मात्र मुलांचे कर्तृत्व संपूर्णपणे पुसून टाकणेही त्यांच्यावर अन्यायच करणारे आहे. सुमारे सतरा वर्षांच्या मार्गारेट जेकब्ज हिने भीतीपोटी कबुली दिली आणि आपल्या आजोबांविरुद्ध, जॉर्ज जेकब्ज यांच्याविरुद्ध, साक्ष दिली. नंतर तिने ती मागे घेतली. कबुली देणारे जगत होते आणि नाकारणारे मरत होते, अशा न्यायालयात कबुली मागे घेणे म्हणजे मरणाला संमती देणे होते. आजोबांना १९ ऑगस्टला फाशी झाली. आजारपणामुळे तिचा खटला लांबला म्हणून ती वाचली. तिच्या या वर्तनाला उन्मादाच्या परिभाषेत जागाच नाही. ज्या परिभाषेत मागे फिरण्याच्या कृतीला नाव देता येत नाही, ती परिभाषा नैतिक शिक्षणाला अपुरी आहे.

ॲन पुटनम हिने १७०६ मध्ये, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षांची असताना, चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहून आपला कबुलीजबाब वाचला जात असताना ऐकला. निरपराधांच्या रक्ताचा दोष तिने मान्य केला. पण आपल्याकडून हे राग वा द्वेषापोटी नव्हे, तर सैतानाने घातलेल्या भ्रमामुळे घडले, असे तिने म्हटले. जबाबदारी घेणे आणि ती परक्या शक्तीकडे सोपवणे, दोन्ही एकाच कबुलीत आहेत. आजचा वाचक सैतानाचे नाव वाचून क्षणभर श्रेष्ठत्वाने हसतो. परंतु ‘सैतानाचा भ्रम’ आणि ‘सामूहिक उन्माद’ यांची व्याकरणिक रचना एकच आहे. दोहोंत कर्ता अन्यत्र आहे. तरीही ॲनच्या कबुलीचे एक वेगळेपण राहते. तिने निदान स्वतःचे नाव घेतले. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सिवॉल यांनी १६९७ मध्ये जाहीरपणे दोष आणि लज्जा स्वीकारली, बारा पंचांनीही क्षमायाचना केली. मुख्य न्यायाधीश स्टोटन यांनी मात्र शेवटपर्यंत पश्चात्ताप व्यक्त केला नाही. बारा वर्षांच्या मुलीने वाढत्या वयात जे केले ते प्रांताच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याला जमले नाही.

६

आता वर्गातील प्रश्न. सेलम शिकवताना एक खेळ बराच लोकप्रिय आहे. शिक्षक प्रत्येक मुलाच्या कानात ‘तू चेटकीण आहेस’ किंवा ‘तू नाहीस’ असे सांगतो. मुले परस्परांवर संशय घेत गट करतात. शेवटी कळते की कोणालाही ‘चेटकीण’ म्हटलेले नव्हते. या खेळाचा हेतू स्तुत्य आहे. आपणही तसेच वागलो असतो, हे मुलाला अनुभवातून कळावे, हा तो हेतू. पण तो खेळ काय शिकवतो ते काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. तो संशयाचा थरार शिकवतो आणि शेवटी सर्वांना एकसारखे निर्दोष ठरवतो. त्यात प्रत्येक जण संशयी असतो, म्हणून कोणीही विशेष जबाबदार नसतो. सर्वच दोषी असतील तर कोणीच दोषी राहत नाही, हा हॅना आरेंट यांनी सामूहिक अपराधाच्या कल्पनेवर घेतलेला आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो. शिवाय खेळात फर्मान नाही, पंच नाहीत, आणि नकार देण्याची जागाही नाही.

सेलममध्ये ती जागा होती. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल यांनी पहिल्या फाशीनंतर न्यायाधीशपद सोडले. रिबेका नर्स या सुमारे एकाहत्तर वर्षांच्या स्त्रीच्या बाजूने एकोणचाळीस शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या. पंचांनी तिला प्रथम निर्दोषही ठरवले होते. दालनात आरडाओरडा झाला, स्टोटन यांनी तिच्या एका वाक्याकडे पंचांचे लक्ष वेधले, तिला नीट ऐकू येत नसल्याने खुलासा करता आला नाही, आणि निकाल फिरला. मूळ वाद पुराव्याचा होता. आरोपीची छाया आपल्याला छळते, ती इतरांना दिसत नाही, ही पीडिताची साक्ष ग्राह्य मानावी काय? अशी साक्ष कोणत्याही उपायाने खोटी ठरवता येत नाही, कारण आरोपी दूरस्थ होती हे सिद्ध केले तरी छाया कोठेही जाऊ शकते. इन्क्रीस मॅदर यांनी ऑक्टोबर १६९२ मध्ये या पुराव्याविरुद्ध मत मांडले. एका निरपराधाचा बळी जाण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, असा त्यांचा आशय होता. ध्यानात घेण्यासारखे हे की, मॅदर चेटकावर विश्वास ठेवणारेच होते. टॉमस ब्रॅटल यांनीही त्याच महिन्यातील पत्रात न्यायालयाच्या पद्धतीवर कठोर टीका केली. म्हणजे अन्याय ओळखण्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहण्याची गरज नव्हती. त्या काळच्या श्रद्धांच्या मर्यादेत राहूनही तो ओळखता येत होता आणि काहींनी ओळखला होता.

‘ते अज्ञानी होते, आपण नाही’ हे प्रगतीचे कथन येथे कोसळते. त्या कथनाने मुलाला श्रद्धा आणि ज्ञान यांतील फरक समजतो, पण श्रद्धेच्या बळावर दुसऱ्याचे काय करता येते याची मर्यादा समजत नाही. न्यायाधीशांचा मुख्य दोष चुकीचे मानणे हा नव्हता. जे मानले त्याच्या आधारे दुसऱ्याचा जीव घेण्याइतकी खात्री स्वतःला बहाल करणे, हा तो दोष होता. पश्चातबुद्धीने मिळालेली खात्री मुलाच्या हाती दिली तर तोच दोष नव्या वेषात त्याच्याकडे जातो. तो सेलमच्या लोकांना दोषी ठरवतो आणि तेही पुरावा न वाचता.

इतके गुंतागुंतीचे प्रकरण मुलांवर लादावे काय, हा आक्षेप रास्त आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये मुलांना कोणत्या कथा सांगाव्यात हा प्रश्न राज्याच्या पायाशी नेऊन ठेवला होता. आरेंट यांनी शिक्षणावरील निबंधात असे प्रतिपादले की, मुलाला जगात आणणाऱ्या प्रौढांनी त्या जगाची जबाबदारी घेतली पाहिजे. त्यांनी न सोडवलेले प्रश्न मुलांच्या डोक्यावर ठेवू नयेत. या युक्तिवादाने सेलम शिकवणे निषिद्ध ठरत नाही. उलट कसे शिकवावे याचा निकष मिळतो. १६९२ मध्ये झाले ते नेमके हेच होते : प्रौढांनी आपल्या भीतीचा, तंट्यांचा आणि पराभवांचा भार मुलींच्या तोंडी ठेवला आणि निकालाचे ओझे त्यांच्या शब्दांवर टाकले. सेलम शिकवण्याची रीत याच कृतीची पुनरावृत्ती करणारी नसावी, एवढी अट त्यातून निघते. दहा वर्षांच्या मुलाला फाशीचे वर्णन देण्याची गरज नाही. पण कागदावर कोणाची सही होती, कोणी सही करण्यास नकार दिला, कोणी ती मागे घेतली, हे प्रश्न त्याला कळू शकतात.

७

अशा शिक्षणाचे एक प्रत्यक्ष उदाहरण अलीकडचे आहे. एलिझाबेथ जॉन्सन ही अँडोव्हरची सुमारे बावीस वर्षांची तरुणी जानेवारी १६९३ मध्ये दोषी ठरली. फिप्स यांनी शिक्षा स्थगित केल्याने ती वाचली. १७११ मध्ये अनेकांची दोषसिद्धी रद्द झाली तेव्हा तिचे नाव राहून गेले. १७१२ मध्ये तिने स्वतः अर्ज केला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९५७ आणि २००१ मधील ठरावांतही तिचे नाव आले नाही. तिला अपत्य नव्हते, त्यामुळे तिच्यासाठी बोलणारे वंशजही नव्हते. नॉर्थ अँडोव्हर येथील आठवीच्या विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या वर्गात तिची कागदपत्रे वाचली, विधिमंडळ सदस्याच्या साहाय्याने विधेयकाचा पाठपुरावा केला, आणि जुलै २०२२ मध्ये ती अधिकृतपणे निर्दोष ठरली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या शब्दाला ३३० वर्षांनी पुन्हा कायद्याचे बळ लाभले, या वेळी विपरीत दिशेने.

या घटनेचा गौरव करताना एक तपशील वगळला जाऊ नये. एलिझाबेथने १६९२ मध्ये कबुली दिली होती आणि त्या कबुलीत इतरांची नावेही घेतली होती. तिची समज बेताची असल्याचे तिचे आजोबा, धर्मोपदेशक फ्रान्सिस डेन, यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या व्यक्तीला मुलांनी न्याय मिळवून दिला ती निष्कलंक नायिका नव्हती. आणि तरीही तिला न्याय मिळणे आवश्यक होते. न्यायाचा अधिकार सद्गुणाच्या बक्षिसासारखा मिळत नसतो, ही गोष्ट ‘द क्रूसिबल’मधील उदात्त नायकापेक्षा या सामान्य, घाबरलेल्या स्त्रीच्या हकिगतीतून अधिक स्पष्टपणे शिकता येते.

पण अर्ज-विधेयकांच्या मार्गालाही मर्यादा आहे. सारा गुड हिची मुलगी डॉरथी चार-पाच वर्षांची असताना मार्च १६९२ मध्ये अटकेत पडली. दंडाधिकाऱ्यांनी तिची तपासणी केली; आईने दिलेला लहानसा साप आपले बोट चोखतो, असे तिने सांगितले आणि ती नोंद आईविरुद्ध गेली. आईला १९ जुलैला फाशी झाली. मूल डिसेंबरपर्यंत तुरुंगात साखळीत होते. बापाने, विल्यम गुड याने, पत्नी चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी भीती तपासणीच्या वेळी बोलून दाखवली होती. त्यानेच १७१० मध्ये नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिले की, तुरुंगातील हालांनंतर मुलीला स्वतःला सांभाळण्याइतकी समज उरली नाही. त्याला तीस पौंड मंजूर झाले.

डॉरथीवर खटला चालला नाही, त्यामुळे ती कधी दोषी ठरली नाही. जे ठरलेच नाही ते रद्द करता येत नाही. कोणत्याही विधिमंडळाला तिच्यासाठी ठराव करण्याचे कारण सापडणार नाही. तिच्या बाबतीत पीडा, साक्ष आणि आरोप हे तिन्ही एका चार-पाच वर्षांच्या देहात एकत्र आले आणि त्या तिन्हींचे कर्ते प्रौढ होते. तिला उन्माद झाला नव्हता. तिला प्रश्न विचारले गेले होते आणि तिने उत्तरे दिली होती. सेलमचा पाठ जेथे कोठे शिकवला जाईल तेथे ही तपासणीची नोंद विद्यार्थ्यांसमोर असावी, आणि त्यांना प्रथम विचारावे ते एवढेच, की त्या दालनात त्या दिवशी कोणकोण बसले होते.